दोर काढलेला पाळणा

“सेक्रोइलिअ‍ॅक सांधा हा नावाला सांधा आहे. तो हलत नाही.”

हे वाक्य मी एकवीस वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गात म्हटलं. शरीररचनाशास्त्र शिकवणं हा माझा पेशा. दरवर्षी नवी मुलं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची, तोंडी परीक्षेत मलाच परत ऐकवायची आणि मी गुण द्यायचे. त्यांतली बरीच आज डॉक्टर आहेत. कंबर दुखते म्हणून आलेल्या एखाद्या बाईला त्यांच्यापैकी कुणी माझ्या वाक्याच्या भरवशावर परत पाठवलं असेल, तर त्या चुकीत माझा वाटा आहे. ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे, आणि ते माझ्या मनात इतकं घट्ट कसं बसलं होतं तेही सांगायचं आहे.

आमच्या विभागात काचेच्या कपाटात पेल्व्हिसचे संच ठेवलेले असतात. श्रोणी हा पुस्तकातला शब्द. वर्गात सगळे पेल्व्हिसच म्हणतात. दोन बाजूंना दोन हिप बोन, मागे त्यांच्या मधोमध सेक्रम, आणि सेक्रमच्या टोकाला माकडहाड. हिप बोन दिसतं एक, पण लहानपणी ती तीन हाडं असतात: इलियम, इस्कियम आणि प्युबिस. वयात येता येता खुब्याच्या वाटीत ती एकजीव होतात. सेक्रमही पाच मणके जुळून झालेलं. हे सगळं स्वच्छ करून, वाळवून पांढरं केलेलं. नुसती ठेवली तर ही हाडं एकत्र राहत नाहीत. म्हणून त्यांना भोकं पाडून तारेनं बांधतात, आणि पुढे दोन प्युबिस जिथे भेटतात तिथे रबराचा तुकडा बसवतात.

पेल्व्हिस हातात धरायचं कसं, इथून माझा तास सुरू व्हायचा. मुलं ते वाडग्यासारखं टेबलावर ठेवतात. त्यात त्यांची चूक नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच घंगाळ. मी ते उचलून भिंतीला टेकवायचे. कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारी दोन टोकं आणि खालचा प्युबिसचा जोड एकाच वेळी भिंतीला टेकले, की उभ्या माणसाचं पेल्व्हिस कसं असतं ते कळतं. घंगाळातलं पाणी पुढे ओतताना ते जसं कलतं, तसं ते कललेलं असतं. त्याचं तोंड आडव्या पातळीशी ५० ते ६० अंशांचा कोन करतं. हे मी आजही असंच शिकवते. त्यात बदलण्यासारखं काही नाही.

चूक पुढच्या पायरीवर होती. मी फळ्यावर किल्ल्याच्या दरवाजाची कमान काढायचे. कमानीच्या माथ्यावर पाचरीसारखा दगड असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. वरून जितकं वजन येईल तितका तो दोन्ही बाजूंच्या दगडांत घट्ट रुततो. “सेक्रम म्हणजे हा दगड,” मी सांगायचे. “धडाचं सगळं वजन त्याच्यावर येतं आणि तिथून दोन्ही पायांत वाटलं जातं. दगड हलला तर कमान कोसळेल. म्हणून हा सांधा हलत नाही.” मुलांना ते पटायचं. मलाही पटलेलं होतं. ज्या देहांवर आम्ही विच्छेदन करतो ते फॉर्मेलिनमध्ये मुरलेले असतात. त्यात सगळेच मऊ भाग आवळून कडक होतात. गुडघासुद्धा जोर लावल्याशिवाय वाकत नाही, तिथे सेक्रमच्या सांध्याची काय कथा! कपाटात तारेनं बांधलेली हाडं आणि टेबलावर फॉर्मेलिननं कडक झालेले देह. दोन्हीकडे मला स्थिरताच दिसत होती, आणि तीच मी खरी मानली.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा ती म्हणाली, “ताई, उजव्या बाजूला, कमरेवर खळी पडते ना, तिथं दुखतं. कूस बदलताना जीव जातो. बाळाला घेऊन जिना चढताना पाय माझा वाटतच नाही.” तिनं एक बोट नेमकं त्या खळीच्या जरा खाली ठेवलं. दुखरी जागा इतक्या नेमकेपणानं दाखवता येणं हीच मोठी खूण असते, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, “अगं, तिथला सांधा हलतच नाही, तो दुखेल कसा? तुझी झोप होत नाहीये. थकवा आहे हा.”

मणक्याचा एमआरआय काढला, तो साफ आला. मला हायसं वाटलं आणि माझं मत आणखी पक्कं झालं. आई रोज सकाळी जुन्या सुती लुगड्याची घडी करून तिची कंबर बांधायची. त्यानं बरं वाटतं, असं बहीण म्हणायची. मी आईला सांगितलं, “नुसतं आवळून काही होत नाही, उगीच श्वास कोंडेल.” आईनं बांधणं सोडलं. बहिणीनं पुढे दोनदा दुखण्याचा विषय काढला. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. त्यानंतर तिनं मला सांगायचं बंद केलं. असे आठ महिने गेले.

तिच्या मैत्रिणीनं एका फिजिओथेरपिस्टचं नाव सुचवलं. बहिणीला गाडी चालवणं जमत नव्हतं म्हणून मी सोबत गेले. विश्वास होता म्हणून नव्हे. ती मुलगी तिशीच्या आतली असेल. तिनं बहिणीला उताणी झोपवलं आणि म्हणाली, “गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर वर उचला, बघू.” बहिणीनं श्वास धरला, पोट फुगवलं, चेहरा ओढला. टाच चादरीपासून चार बोटं वर गेली आणि थरथरत खाली आली. डावा पाय मात्र सहज उचलला गेला.

मग त्या मुलीनं आपले दोन्ही तळहात बहिणीच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना लावले आणि आतल्या बाजूला दाब दिला. “आता परत उचला.”

पाय उचलला गेला. वीतभर, शांतपणे, श्वास न धरता. बहिणीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही.

मी त्या खोलीत खुर्चीवर बसून एकच विचार करत होते. सांधा हलत नसेल, तर बाहेरून दाबल्यानं नेमकं काय बदललं? दगडाच्या कमानीला दोन बाजूंनी तळहात लावून काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो सैल झालेल्या बांधणीला. त्या मुलीनं दोन हातांनी काही क्षण जे काम केलं, ते शरीरात एरवी दुसरं काहीतरी करत असलं पाहिजे, आणि बहिणीच्या शरीरात ते काम पुरतं होत नव्हतं.

घरी येऊन मी पुस्तकं उघडली. कबूल करायला जड जातं, पण जे हवं होतं ते मी रोज वापरत होते त्याच पुस्तकांत छापलेलं होतं. हा सांधा पुढच्या भागात चक्क द्रव असलेला, खऱ्या अर्थानं सांधाच आहे; त्यात थोडी हालचाल होते, असं तिथे लिहिलेलं होतं. मी वर्षानुवर्षं ‘थोडी’ हा शब्द ‘नाही’ असा वाचत आले होते. ती थोडी म्हणजे किती, तेही मोजलेलं आहे. स्वीडनमध्ये बेंग्ट स्टुरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून, वेगवेगळ्या स्थितींत एक्स-रे काढून हालचाल मोजली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी २.५ अंशांच्या आसपास फिरणं आणि एक मिलिमीटरपेक्षाही कमी सरकणं. फिजिओथेरपिस्टनं केलेली पाय उचलण्याची चाचणीही पुढे सापडली. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या यान मेन्स, अँड्री व्हलेमिंग आणि त्यांच्या गटानं १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली होती. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पाचांतल्या साधारण एका गरोदर बाईला पेल्व्हिसच्या कड्याचं असं दुखणं होतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत थांबतं, काहींचं थांबत नाही. माझी बहीण त्या काहींमधली होती.

पण माझं मन खरं वळलं ते वाचून नव्हे, हातानं. त्याच वर्षी अस्थिरोग विभागानं पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरवर कार्यशाळा ठेवली आणि विच्छेदनासाठी मला बोलावलं. देह फॉर्मेलिन न दिलेला, नुसता थंडीत राखलेला होता. सुरीला हात लावण्याआधी मी माझं बोट सांध्याच्या मागच्या बाजूला ठेवलं आणि सहकाऱ्याला मांडी वाकवून फिरवायला सांगितली. बोटाखाली अगदी बारीक हालचाल जाणवली. घट्ट बसवलेली खिडकी वाऱ्यानं चौकटीत हलते, तेवढीच. एकवीस वर्षांत मी ती एकदाही अनुभवली नव्हती, कारण हलू शकेल अशा देहावर मी कधी बोट ठेवलंच नव्हतं.

मग आम्ही एकेक बांधणी कापत गेलो. लिगामेंट म्हणजे अस्थिबंध, हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा. आधी पुढचा प्युबिसचा जोड कापला. कडं थोडं उघडलं आणि थांबलं. फट साधारण अडीच सेंटीमीटरच्या पुढे जाईना. मग सांध्याच्या पुढचे पातळ पट्टे आणि सेक्रमपासून इस्कियमच्या काट्याकडे जाणारं लिगामेंट कापलं. पेल्व्हिस पुस्तकासारखं उघडलं. अपघातात मोटारसायकलस्वाराचं पेल्व्हिस असंच उघडतं, आत रक्त साचत जातं, आणि म्हणूनच ते बाहेरून आवळून बांधणं जीव वाचवणारं ठरतं. मात्र ते बांधायचं खुब्यांच्या पातळीवर, पोटावर नव्हे. इतकं उघडूनही सेक्रम जागेवरच होतं. सगळ्यांत शेवटी आम्ही मागे गेलो, दोन हाडांच्या मधल्या खोल, आखूड, दाट लिगामेंटकडे. ते शरीरातल्या सर्वांत बळकट लिगामेंटांपैकी एक मानलं जातं. ते कापायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटचे धागे तुटले आणि सेक्रम पुढे, पेल्व्हिसच्या पोकळीत, ढळलं.

तिथे माझी कमान संपली. सेक्रम समोरून बघितलं तर खरंच पाचरीसारखं दिसतं. पण वरून बघा: ते पुढे रुंद आहे आणि मागे अरुंद. धडाचं वजन त्याला खाली आणि पुढे ढकलतं, आणि पुढे त्याला अडवणारी हाडाची भिंत नाही. ते दोन हिप बोनच्या मध्ये मागच्या लिगामेंटांवर लटकलेलं असतं. वजन आलं की ही लिगामेंटं ताणली जातात, आणि ताणली गेली की दोन्ही हिप बोन आत खेचून सेक्रमला चिमटीत धरतात. खालच्या टोकाला इस्कियमपर्यंत गेलेले दोन मजबूत पट्टे ते टोक वर उचकटू देत नाहीत. हा कमानीतला दगड नव्हे, हा पाळणा आहे. माझ्या कपाटात दोर काढलेला पाळणा होता, आणि मी त्याच्या दांड्या दाखवून मुलांना सांगत होते की पाळणा हलत नाही.

एकदा लिगामेंटांकडे बघायला लागल्यावर मज्जातंतूही नव्यानं दिसायला लागले. कोरड्या हिप बोनवर मागच्या बाजूला दोन खाचा असतात, एक मोठी आणि एक लहान. मधे इस्कियमचा काटा. मुलं त्या पाठ करतात आणि विसरतात, कारण खाच म्हणजे नुसती जागा. पण सेक्रमपासून एक लिगामेंट काट्याला आणि दुसरं खाली इस्कियमच्या उंचवट्याला जाऊन चिकटलं, की त्याच दोन खाचांची दोन दारं होतात. मोठ्या दारातून अंगठ्याएवढा जाड सायॅटिक मज्जातंतू पायाकडे निघतो. त्याच दारातून प्युडेंडल मज्जातंतू बाहेर पडतो, दोन लिगामेंटांच्या मधून काट्याला वळसा घालतो आणि लहान दारातून परत आत शिरतो. पुढे तो आतल्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून जातो. आयरिश शरीररचनातज्ज्ञ बेंजामिन अल्कॉक यांच्या नावानं तो ओळखला जातो. लघवी आणि शौच धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या स्नायूंचा ताबा आणि त्या सगळ्या नाजूक भागाची संवेदना याच मज्जातंतूकडे असते. बाळंतपणात डॉक्टर बोटानं तो काटा चाचपून शेजारी भूल देतात, तेव्हा त्यांचा सगळा भरवसा या वळशावर असतो.

बसल्यावर आग होते, उभं राहिलं की उतरते, शौचालयाच्या सीटवर बसताना त्रास कमी होतो, आणि तपासणीत काहीच सापडत नाही, असं सांगणारी माणसं असतात. फ्रान्समधल्या नांत शहराच्या नावानं २००८ मध्ये या दुखण्याचे निकष प्रसिद्ध झाले. सीटवर आराम का पडतो, ते वाट माहीत असलेल्याला लगेच कळतं: तिथे वजन बाजूंवर येतं, मधल्या भागावर नाही. माझ्या शिकवण्यात ही वाट कायम दोन ओळींत उरकलेली असायची. पहिल्या वर्षात मी हे नीट शिकवलं असतं, तर पुढे एखाद्याला ‘मनाचं दुखणं’ म्हणण्याआधी माझा विद्यार्थी थबकला असता.

आणखी एक गोष्ट मी मागे घेतली. न्यूयॉर्कचे कॅल्डवेल आणि मोलॉय यांनी १९३० च्या दशकात पेल्व्हिसचे चार आकार सांगितले. ते मी चार खोक्यांसारखे शिकवायचे: हा आकार असेल तर प्रसूती सोपी, हा असेल तर अवघड. ‘हाड लहान आहे’ हे आपल्याकडे बाईच्या अंगावर आयुष्यभराचा शिक्का मारल्यासारखं बोललं जातं. खरं तर खऱ्या बायकांचे आकार या चार खोक्यांत बसत नाहीत. बहुतेक मधलेच असतात, आणि जगातल्या निरनिराळ्या भागांत ते वेगवेगळे असतात. गरोदरपणात संप्रेरकांनी लिगामेंटं सैल होतात. त्यातलं एक, रिलॅक्सिन, फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनी पिगवर प्रयोग करताना शोधलं. पुढच्या जोडाची फट दोन-तीन मिलिमीटरनं वाढते. बाई उकिडवी बसली किंवा हातापायांवर ओणवी झाली, तर बाहेरच्या वाटेची काही मापं काही मिलिमीटरनं मोठी होतात, हे एमआरआयनं दिसलेलं आहे. निरोगी बाईच्या पेल्व्हिसची मापं प्रसूतीला दाखल होताना सरसकट घेऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं. अडलेली प्रसूती खरीच असते आणि सिझेरियननं जीव वाचतात, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण कोरड्या हाडाच्या मापावरून बाईचं भवितव्य सांगणं मी थांबवलं आहे.

मत बदललं म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलेले नाही, तेही सांगते. ‘हाड सरकलंय, एका झटक्यात बसवतो’ म्हणणारे लोक गावोगाव आहेत. दोन-अडीच अंश हलणारा, एवढ्या दाट लिगामेंटांनी बांधलेला सांधा हातानं सरकत आणि बसत नसतो. कडकड आवाज काढून केलेल्या उपचाराआधी आणि नंतर स्वीडनमध्येच अशाच मण्यांच्या पद्धतीनं मोजणी झाली, आणि हाडांची जागा बदललेली आढळली नाही. दुखणं कमी होऊ शकतं, पण ते हाड जागेवर आल्यानं नव्हे. प्रत्येक कंबरदुखी या सांध्याची नसते, बहुतेक नसतेच. मी एवढंच म्हणते की कुणी एक बोट ठेवून जागा दाखवली, तर ती जागा तपासली पाहिजे.

बहिणीला खुब्यांच्या पातळीवर बांधायचा पट्टा आणि पोटाच्या आतल्या व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम दिले गेले. पाच महिन्यांत ती बाळाला कडेवर घेऊन जिना चढायला लागली. एका संध्याकाळी मी तिची माफी मागितली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, “ताई, मला तेव्हा उत्तर नकोच होतं गं. तू एकदा तिथं हात लावून बघावंस, एवढंच वाटत होतं.” आईलाही मी सांगितलं, की तुझी लुगड्याची घडी सोडायला लावायला नको होती. आई म्हणाली, “मी थोडी खाली बांधायला हवी होती म्हणतेस?” आणि ती कुठे बांधायची ते तिनं माझ्याकडून नीट समजून घेतलं.

आता पेल्व्हिसचा पहिला तास कपाटापाशी होत नाही. देहदान केलेल्या एका माणसाच्या शरीरावर आम्ही लिगामेंटं जपून उघडी केली आहेत. मुलं रांगेनं येतात, हातमोजा घालतात, एक बोट सेक्रमपासून इस्कियमकडे जाणाऱ्या पट्ट्याखाली घालतात आणि तो ताणून बघतात. मग मोठ्या दारातून बोट बाहेर काढून लहान दारातून परत आत नेतात. कुणाची घाई नसते, दुपार जाते. ते झालं की मी कपाटातलं पांढरं पेल्व्हिस आणते, त्याच्या तारेवर बोट ठेवते आणि विचारते, “ही तार कशाच्या जागी आहे?”